पदवी एकाची, सोहळा साऱ्या घराचा

निकाल लागतो उन्हाळ्यात आणि पदवीदान समारंभ होतो त्यानंतर कित्येक महिन्यांनी. या मधल्या काळात गावाकडून एकच विचारणा पुन्हा पुन्हा होत असते, "पोरगी पास झाली म्हणता, मग तो काळा डगला घालून फोटो कधी काढायचा? आम्ही कधी यायचं?" या प्रश्नाला आपल्यापैकी बरेच जण "बघू, कळवतो" असे उत्तर देतात. मग एखाद्या दिवशी मुलगा किंवा मुलगी एकटीच जाऊन प्रमाणपत्र घेऊन येते, मोबाइलवर एक फोटो गावाला जातो आणि प्रकरण तेथेच संपते. ज्या घरातला तो पहिलाच पदवीधर असतो, त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट हातातून निसटलेली असते.

प्रस्तुत लेखात पदवीदान समारंभ म्हणजे नेमके काय, मुंबई विद्यापीठाचा या बाबतीतला इतिहास काय, आणि गावाहून येणाऱ्या आप्तांसह तो दिवस थोड्या खर्चात पण मनात राहील असा कसा साजरा करावा, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. मी बँकेत लिपिक असल्यामुळे खर्चाचा भागही ओघाने येईल. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

पदवीदान म्हणजे काय?

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पदवी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचा निकाल म्हणजे गुणपत्रिका. पदवी मात्र विद्यापीठ समारंभपूर्वक 'प्रदान' करते. समारंभाचे अध्यक्ष कुलपती, म्हणजे राज्याचे राज्यपाल असतात. निरनिराळ्या विद्याशाखांचे अधिष्ठाता आपापल्या शाखेच्या उमेदवारांना सभेपुढे सादर करतात आणि त्यानंतर पदव्या प्रदान झाल्याचे जाहीर होते. जे हजर नसतात, त्यांना 'अनुपस्थितीत' पदवी दिली जाते. म्हणून समारंभाला जाता आले नाही तर पदवी बुडेल, अशी भीती कोणीही बाळगू नये.

हजारोंच्या संख्येने पदवीधर बाहेर पडत असल्यामुळे सर्वांना विद्यापीठाच्या मुख्य समारंभात बोलावणे शक्य होत नाही. बहुतेकांना प्रमाणपत्र आपापल्या महाविद्यालयातच मिळते आणि पुष्कळ महाविद्यालये त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम ठेवतात. तेव्हा सूचना फलकावर आणि महाविद्यालयाच्या संदेशांवर लक्ष ठेवणे, नाव वेळेत नोंदवणे आणि सोबत किती जणांना प्रवेश आहे ते कार्यालयात विचारणे, ही पहिली कामे होत.

डगल्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हा झगा युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतून आला. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी धर्मपीठाशी संबंधित असत व तसाच पायघोळ पोशाख घालीत. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली समारंभाच्या पोशाखासाठी हातमागाचे कापड वापरावे, असे विद्यापीठांना सुचविले. पोशाख कोणताही असो, तो बहुधा अनामत रक्कम भरून तात्पुरता मिळतो आणि परत करावा लागतो. आमच्या भाचीच्या वेळी साताऱ्याकडून आलेल्या आत्याबाईंनी तो झगा हातात घेऊन त्याची शिलाई उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हा घरी न्यायचा नसतो व्हय?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो स्वतःच्या खांद्यावर टाकून एक फोटो काढून घेतला. त्यांच्या घरात आज तोच फोटो भिंतीवर आहे. डगला परत करण्यापूर्वी आई, आजी, आत्या यांच्यासोबत फोटो काढायला विसरू नये, एवढेच यातून सांगायचे.

सभागृह आणि मनोरा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठेही त्याच वर्षातली. मुंबईचे पहिले बी. ए. पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती नावे. विद्यापीठाला तेव्हा स्वतःची वास्तू नव्हती. फोर्टमधले पदवीदान सभागृह १८७४ साली पूर्ण झाले. सर कावसजी जहांगीर यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली, म्हणून त्यांचे नाव सभागृहाला आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. विशेष म्हणजे हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. सभागृहात रंगीत काचांची मोठी गोल खिडकी असून तीत बारा राशींची चित्रे आहेत.

शेजारी उभा असलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट आहे. कापसाच्या व्यापारात नाव कमावलेले प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव दिले. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे कोरलेले आहेत. दगडात जागा मिळालेल्या या माणसांपैकी कित्येकांच्या घरात प्रत्यक्ष पदवी पोहोचायला पुढे दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या, हे तेथे उभे राहिले की जाणवते. गावाहून आलेल्या आईला हा मनोरा दाखवताना एवढे जरूर सांगावे, की मुंबईच्या विद्यापीठाची खूण म्हणून सारे जग ज्याचा फोटो काढते, त्याला एका आईचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. त्या मनोऱ्यावर ते जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच लागलेले आहे.

१९०७ सालचा एक सत्कार

शिक्षणातल्या यशाचा सोहळा कसा असावा, याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. समाजातून एवढी मजल मारणारा मुलगा म्हणून मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांनी त्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले. त्या पुस्तकाने पुढे काय घडविले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पण या सभेची दुसरीही एक बाजू आहे व तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. चर्नी रोडच्या बागेत अभ्यास करीत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर आधीपासून ओळखत होते. पुढे इंटरनंतर शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा याच केळुसकरांनी खटपट करून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव बी. ए. झाले. सत्कार करणारा माणूस हारतुरे देऊन घरी गेला नाही. तो पुढच्या अडचणीतही सोबत राहिला.

या कथेत एक हुरहूर लावणारी गोष्टही आहे. मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवणारे आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवणारे वडील रामजी सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. पदवीचे सुख त्यांना फार दिवस लाभले नाही. "नोकरी लागल्यावर मोठा कार्यक्रम करू, तेव्हाच सगळ्यांना बोलावू" असे म्हणणाऱ्या तरुणांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचे वय आपल्या नोकरीसाठी थांबत नाही.

पाहुणे येण्यापूर्वी

आता व्यवहाराकडे वळू. रोजंदारीवर किंवा शेतमजुरीवर जगणाऱ्या माणसाला मुंबईची एक फेरी म्हणजे तिकीट अधिक तीन दिवसांची बुडालेली मजुरी. म्हणून तारीख कळताच गावाला कळवावी आणि शक्य असल्यास घरातील एकाचे तिकीट पदवीधराने किंवा मुंबईतल्या काका-मामांनी काढावे. राज्य परिवहनाच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आजी-आजोबांनी वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र बरोबर ठेवावे.

दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे कशी झोपणार, ही अडचण मुंबईकराला नवी नाही. आपल्या चाळीतून आणि वस्तीतून शेजारी एक रात्र जागा देतातच. त्यांना आधी सांगून ठेवावे म्हणजे पाहुण्यांना संकोच वाटत नाही. सकाळी आठ ते अकरा फोर्टकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते आठ तिकडून येणारी लोकल वयस्क माणसांना झेपत नाही. समारंभ सकाळचा असेल तर पहाटेच निघावे. रविवारी निघायचे असेल तर मेगाब्लॉक आहे का ते पाहावे. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ती जागा ठरवावी आणि एका चिठ्ठीवर पत्ता व फोन नंबर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा.

सभागृहात दोघांनाच प्रवेश असेल तर ते दोघे कोण, हा नाजूक प्रश्न असतो. माझ्या मते फी कोणी भरली, डबा कोणी केला, अभ्यासाला दिवा कोणी जागवला, याचा विचार करून तो सोडवावा. ती व्यक्ती कधी वडील असेल, कधी मोठी बहीण असेल, जिने आपले शिक्षण दहावीला थांबवून धाकट्याला शिकू दिले. बाहेर थांबणाऱ्यांसोबत एक माहितगार माणूस द्यावा, म्हणजे तेही तो वेळ आनंदात घालवतील.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने समारंभाचे घरी कळवलेच नाही. पास दोनच होते, असे त्याने नंतर सांगितले. खरे कारण आईच्या लक्षात आले होते. ती मला म्हणाली, "माझं लुगडं बघून त्याचे दोस्त काय म्हणतील, असं वाटलं असंल त्याला. जाऊ द्या, शिकला ना!" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. विद्यार्थी मित्रांनो, ज्या लुगड्याच्या गाठीतून परीक्षेची फी सुटली, त्या लुगड्याची लाज वाटायला लावणारे शिक्षण अपुरे आहे. अशा आईला पहिल्या रांगेत बसवता येत नसेल, तर निदान शेवटच्या रांगेत तरी बसवा. समारंभातले इंग्रजी तिला कळणार नाही. तिच्या मुलाचे नाव मात्र तिला नक्की कळेल.

फोर्टमधली एक फेरी

समारंभानंतर पाहुण्यांना थेट चौपाटीवर किंवा मॉलमध्ये नेण्याचा प्रघात आहे. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या दिवशी पदवी मिळाली, त्या दिवशी पदवी जेथून आली तो रस्ता एकदा चालावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंतचे अंतर अडीच किलोमीटरच्या आतबाहेर आहे. वयस्कांना बसत-बसत ते सहज जमते.

टर्मिनसहून डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्याने निघाले की सिद्धार्थ महाविद्यालय लागते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते २० जून १९४६ रोजी सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय हे त्याचे वैशिष्ट्य. गिरणीत, टपाल खात्यात, बंदरात काम करणाऱ्या माणसांना पदवीची वाट अशा वर्गांमुळेच दिसली. पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांचे स्मारक येथे आहे. तेथून चार पावलांवर विद्यापीठ. आत जाता येईल की नाही याची चौकशी आधी करावी. आत जाता आले नाही तरी पलीकडच्या ओव्हल मैदानावरून मनोरा आणि सभागृह दोन्ही उत्तम दिसतात. उच्च न्यायालयाची इमारत शेजारीच आहे. हा सारा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मैदान आणि विद्यापीठ यांच्यामधल्या रस्त्याचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आहे, हे साताऱ्या-सांगलीकडच्या पाहुण्यांना आवर्जून दाखवावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाच्या वसतिगृहातील मुलांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र आपल्या कित्येक घरांत प्रत्यक्ष जगले गेले आहे. तेथून काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत लागते. १९१२ च्या पदवीची कथा तिच्यासमोर उभे राहून सांगावी. शेवटी गेटवे आणि समुद्र. ज्यांच्याकडे दुसरा दिवस असेल, त्यांनी दादरला हिंदू कॉलनीतले 'राजगृह' पाहावे. पुस्तकांसाठी बांधलेले घर म्हणजे काय, हे मुलांना तेथे कळते.

खर्च किती करावा?

हॉटेलात पंधरा माणसांचे जेवण, हॉल, बॅनर, केक, ध्वनिवर्धक हे सारे हौसेचे आहे आणि हौस करू नये असे मी म्हणणार नाही. अनेक पिढ्यांनी दाबून ठेवलेला आनंद एक दिवस मोकळा झाला तर त्यात गैर काय? मात्र तो उधारीवर होऊ नये. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असते. एका संध्याकाळचे जेवण वर्षभर फेडत बसायचे, हे पदवीधराला शोभत नाही.

ज्यांनी शैक्षणिक कर्ज घेतले आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. बँकांच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. पण या काळात व्याज चालूच असते. आपल्या मंजुरीपत्रातील अट नीट वाचून, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आणि किती रुपयांचा, हे सारे घर एकत्र असतानाच सांगावे. पुष्कळदा हमीदार म्हणून वडिलांची किंवा मामांची सही असते आणि त्यांना याची कल्पनाही नसते. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे वाटेल. परंतु सगळे एकत्र बसलेले पुन्हा केव्हा सापडणार?

आमच्या इमारतीत काही वर्षे एक पद्धत चालू आहे. त्या-त्या वर्षीचे पदवीधर मिळून एकच संध्याकाळ ठरवतात. जेवण घरोघरचे, बैठक गच्चीवर. गावाहून आलेले पाहुणे दोन-दोन शब्द बोलतात. पदवीधराने आपल्याहून धाकट्या एका विद्यार्थ्याचे नाव घ्यायचे आणि त्याच्या परीक्षेचा अर्ज किंवा पुस्तके यांची एका वर्षाची जबाबदारी पत्करायची. रक्कम लहान असते. पण ज्याचे नाव घेतले जाते, तो मुलगा त्या रात्री वेगळ्याच चालीने घरी जातो.

प्रमाणपत्र जपून ठेवा

शेवटी कागदाविषयी. प्रमाणपत्र हाती पडताच त्यावरील नाव, आडनाव आणि वर्ष गुणपत्रिकेशी ताडून पाहावे. चूक असेल तर लगेच अर्ज करावा. पुढे ती दुरुस्त करणे कष्टाचे होते. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नये, कारण पडताळणीच्या वेळी अडचण येऊ शकते. छायाप्रती काढून मूळ प्रत कोरड्या जागी ठेवावी. विद्यापीठाने नोंद केली असेल तर डिजिलॉकरवरही ते मिळते. भिंतीवर लावायची ती छायाप्रत लावावी. गावच्या घरासाठीही एक प्रत चौकटीत बसवून द्यावी. तिथल्या शाळेतली मुले ती वाचतात.

पदवी मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या आहेत, त्यांच्यापुरते ते खरे असेल. ज्या घरात ती पहिल्यांदा येत आहे, तेथे ती आजही तितक्याच कष्टाने येते आणि एकाच्या नावावर लिहिली गेली तरी अनेकांच्या घामाने येते. म्हणून यंदाच्या सर्व पदवीधरांना मनःपूर्वक शुभेच्छा देताना एवढीच विनंती करतो, की समारंभाची तारीख कळली की मित्रांना कळवण्याआधी गावाला फोन करा.